रक्ताचा नमुना घेता, मग उपचार का नाही?

मार्च संपत आला की नागझिऱ्याच्या जंगलात मोह गळायला लागतो. साकोली, सडक अर्जुनी, गोरेगाव, तिरोडा या तालुक्यांतल्या जंगलकाठच्या गावांत बायामाणसे पहाटे टोपल्या घेऊन निघतात. वेचलेले फूल अंगणात वाळते. त्याच्यावर उन्हाळ्यातले मीठ-मिरची निघते, पोरांच्या वह्या निघतात. याच दिवसांत पेपरात एक ठरलेली बातमी येते : हातभट्टीवर धाड, मोहसडवा नष्ट, आरोपी अटकेत. बातमीखाली नाव असते. आडनाव वाचले की वस्ती कळते आणि वस्ती कळली की जात कळते.

ही झाली गाळणाऱ्याची गोष्ट. पिणाऱ्याची गोष्ट तर पेपरातही येत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी कोणी चौकात पिऊन पडला, आरडाओरडा केला, तर पोलीस त्याला उचलतात. ठाण्यात नोंद होते आणि त्याला ग्रामीण रुग्णालयात नेतात. डॉक्टर तोंडाचा वास पाहतात, चाल पाहतात, डोळे पाहतात, रक्त घेतात. कागदावर सही होते आणि तो माणूस पुन्हा ठाण्यात येतो. पुढे जामीन, तारीख, दंड. दंड भरायला बायकोची रोवणीची मजुरी जाते. पुढच्या बाजाराला तोच माणूस पुन्हा तिथेच पडलेला असतो.

मित्रांनो, या सगळ्या प्रकारात एक गोष्ट नीट पाहा. तो माणूस दवाखान्यात गेला होता. सरकारी डॉक्टरच्या समोर उभा होता, तोही सरकारी गाडीतून जाऊन. पण किती वर्षे पितोस, सकाळी हात थरथरतात का, सोडायची आहे का, असे त्याला कोणी विचारले नाही. डॉक्टरने त्याच्याकडे पुरावा म्हणून पाहिले, रोगी म्हणून पाहिले नाही.

व्यसनी माणसाला कोर्टात उभे करण्याऐवजी पोलिसांनीच उपचाराकडे वळवावे, हा विचार आज जगभर चर्चेत आहे. आपल्याकडे त्याची चर्चा निघाली की लगेच म्हणतात, हे पाश्चात्त्य लाड आहेत, आपल्या पोलिसांना एवढा वेळ कुठे आहे. माझे म्हणणे असे की ठाण्यातून दवाखान्यात जाणारा रस्ता महाराष्ट्रात 1959 पासून आहे. तो फक्त रक्त काढण्यासाठी वापरला गेला. आणि ज्यांच्या हातात पैसा होता, त्यांच्यासाठी व्यसन हा या राज्यात तेव्हाही गुन्हा नव्हता. हा इतिहास आपल्या तरुणांनी वाचला पाहिजे.

मोह सरकारजमा झाला

मोहाची दारू गोंडांच्या जगण्यात पूर्वीपासून आहे. जन्म, लग्न, मरण, देव, सगळीकडे मोह आहे. इंग्रजांना त्यात महसूल दिसला. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला, आपल्या मध्य प्रांतात 1915 चा. या कायद्यांमागचा हिशोब सरळ होता. दारू ठेकेदाराने विकावी, सरकारने कर घ्यावा आणि घरी कोणी गाळू नये. घरी गाळलेली दारू हा गुन्हा ठरला तो कोणाचे आरोग्य बिघडते म्हणून नाही, तर सरकारचा महसूल बुडतो म्हणून. पिण्याला बंदी नव्हती. उलट लोकांनी ठेकेदाराच्या दुकानात येऊन प्यावे, हीच सरकारची इच्छा होती.

त्याच काळात, 1871 मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. तो कायदा देशभरातून 1952 मध्ये गेला, पण पोलिसांच्या डोक्यातून गेला नाही. कामधंदा नसलेल्या पारधी, कंजारभाट वस्त्यांवर चोरीऐवजी दारूच्या केसेस पडू लागल्या. कायदा बदलला, पण धाड पडणारी वस्ती तीच राहिली.

जोतिबांचे भांडण दुकानाशी होते

आपल्या परंपरेने दारूचे कधी कौतुक केलेले नाही. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. 1880 मध्ये शहरात दारूची दुकाने वाढवली जात होती, तेव्हा त्यांनी लेखी विरोध केला. एकीकडे नगरपालिका लोकांच्या आरोग्यावर खर्च करते आणि दुसरीकडे घरेदारे उद्ध्वस्त करणारी दुकाने उघडू देते, हा विरोधाभास त्यांनी दाखवला.

फुल्यांनी बोट कोणाकडे दाखवले, हे लक्षात घ्या. त्यांनी ते दुकानाकडे, परवाना देणाऱ्या सरकारकडे दाखवले. पिणाऱ्या गरिबाला तुरुंगात टाका, अशी मागणी त्यांनी केली नाही. आपल्या परंपरेचा पहिला धडा हाच आहे.

संविधान सभेतला 24 नोव्हेंबर 1948

दारूबंदीचा मुद्दा संविधान सभेत आला तेव्हा बहुतेक सभासद गांधीवादी उत्साहात होते. विरोधात बोलणारे थोडे होते. कोल्हापूरचे प्रा. खर्डेकर बोलले. आदिवासींचे नेते जयपाल सिंग मुंडा बोलले. तांदळाची दारू हा आदिवासींच्या धर्माचा आणि श्रमाचा भाग आहे, तुम्ही आम्हाला न विचारता तो कसा काढून घेता, असा त्यांचा सवाल होता.

बाबासाहेबांचे उत्तर आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेले असते. औषधासाठीचा वापर वगळण्याची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली. मग त्यांनी स्पष्ट केले की हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याची अंमलबजावणी केव्हा करायची, किती करायची, टप्प्याटप्प्याने करायची की थोड्याच भागात करायची, हे राज्याने आणि लोकमताने ठरवायचे आहे. आदिवासी क्षेत्रांबद्दलही त्यांनी सांगितले की तिथल्या परिषदांचे मत डावलून असा कायदा आपोआप लागू होणार नाही, अशी व्यवस्था संविधानात केली आहे. हेच तत्त्व पुढे अनुच्छेद 47 झाले.

म्हणजे अनुच्छेद 47 हातात घेऊन कोणी म्हणाले की संविधानाने व्यसनी माणसाला तुरुंगात टाकायला सांगितले आहे, तर ते खोटे आहे. त्या अनुच्छेदात पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य हे शब्द आहेत. दारूचा मुद्दा येतो तो आरोग्याच्या वाक्यात.

डॉक्टरचा दाखला आणि पोलिसाची काठी

मुंबई राज्याने मात्र घाई केली. मुंबई दारूबंदी कायदा 1949 मध्ये आला आणि एप्रिल 1950 पासून, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, संपूर्ण दारूबंदी लागू झाली. कायद्याला आव्हान देणारा बालसारा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. 1951 मध्ये न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या आणि बाकीचा कायदा टिकला.

याच कायद्यात परवाने होते. परदेशी माणसाला परवाना. प्रकृतीसाठी दारू लागते असे डॉक्टरने लिहून दिले तर आरोग्य परवाना. घरात आजारपणासाठी ब्रँडीची बाटली ठेवायची तर त्याचा वेगळा परवाना. ज्याच्याकडे डॉक्टरची फी आणि अर्ज भरण्याइतके शिक्षण होते, तो शरीराला दारूची सवय झाली आहे म्हणून कायद्याच्या दृष्टीने रोगी ठरत होता. ज्याच्याकडे यातले काहीच नव्हते, तो त्याच सवयीसाठी गुन्हेगार होता. व्यसन हा आजार आहे हे सरकारला 1949 मध्येच कळले होते. फक्त ते ज्ञान मलबार हिलपर्यंत पोचले आणि परळच्या चाळीच्या दाराशी थांबले.

बाबासाहेबांनी ही बंदी ओळखली होती. 1951 च्या निवडणुकीसाठी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा जाहीरनामा निघाला, त्यात दारूबंदीला सरळ विरोध आहे. ज्या पैशातून गरिबांच्या पोरांची शाळा चालली असती तो महसूल बुडतो आणि दारू काही थांबत नाही, हा त्यातला मुद्दा. दुसरा मुद्दा त्याहून खोल होता. दुकान बंद झाले आणि दारू घराघरात गाळली जाऊ लागली. पूर्वी पुरुष बाहेर जाऊन पीत, आता बाया आणि मुलांसमोर घरातच भट्टी लागली. स्वतः दारूला न शिवणारा नेता, मते जातील याची पर्वा न करता, हे लिहीत होता. 1954 मध्ये आपल्याच भंडारा मतदारसंघात ते पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. ज्या मातीने त्यांना हरवले, त्या मातीवर तरी त्यांचे म्हणणे नीट वाचण्याचे कर्ज आहे.

पेसिकाका खटला आणि 1959

आता त्या रस्त्याकडे येऊ. मुंबईचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी बेहराम खुर्शेद पेसिकाका यांच्या जीपने 1951 मध्ये माणसांना धडक दिली. तोंडाला दारूचा वास होता, म्हणून दारूबंदी कायद्याखाली खटला झाला. आपण औषधी टॉनिक घेतले होते, असा त्यांचा बचाव होता. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सुटले. न्यायालयाने म्हटले की प्यालेली दारू बंदी असलेलीच होती, हे सिद्ध करणे सरकारचे काम आहे.

साहेबाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता आले. मग सरकारने काय केले? 1959 मध्ये कायदा दुरुस्त केला. रक्तात 0.05 टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडले तर आपण निर्दोष आहोत हे आरोपीने सिद्ध करायचे. आणि त्यासाठी कलम 129-अ : दारू प्याल्याचा संशय असलेल्या माणसाला डॉक्टरकडे नेऊन तपासण्याचा आणि त्याचे रक्त घेण्याचा अधिकार. एका अधिकाऱ्याच्या सुटकेने पडलेले भोक बुजवले गेले आणि त्या बुजवलेल्या भिंतीवर डोके आपटले ते मजुराचे. त्याला कुठले टॉनिक आणि कुठला वकील?

1959 च्याच दुरुस्तीने हा कायदा आपल्या विदर्भाला लागू झाला. विदर्भ 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यात आला होता. त्याच्या अवघे अठरा दिवस आधी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली होती.

या दोन घटना शेजारी ठेवून बघा. दीक्षाभूमीवर पोलीस नव्हते, पंचनामा नव्हता, रक्ताचा नमुना नव्हता. लोकांनी हात जोडून स्वतः सोडली. भंडारा, गोंदिया, साकोलीच्या किती वस्त्यांत त्यानंतर भट्ट्या थंडावल्या, हे आपल्या आज्या-आज्यांनी आपल्याला सांगितले आहे. तीन वर्षांनी कायदा आला तो कलमे आणि कोठडी घेऊन. पासष्ट वर्षांहून जास्त काळ झाला. माणूस कशाने बदलला, प्रतिज्ञेने की कलमाने?

शिक्षा म्हणजे काय?

इथे आपल्यातलेच काही जण मला अडवतात. भाऊ, पंचशीलात दारू वर्ज्य आहे, बावीस प्रतिज्ञांत वर्ज्य आहे. मग दारुड्याचा एवढा कळवळा कशाला?

पंचशीलातल्या प्रत्येक शीलाला पालीत 'सिक्खापद' म्हणतात. सिक्खा म्हणजे शिकणे, सराव, वळण. आपल्या मराठीत शिक्षा या शब्दाचे दोन अर्थ झाले, शिक्षण आणि दंड. दुसऱ्या अर्थाने पहिल्याला गिळून टाकले. पाचवे शील हे शिकण्याचे पाऊल आहे, दंडसंहितेचे कलम नाही. बाबासाहेबांनी पहिला शब्द 'शिका' का दिला असेल, याचा विचार करा.

आणि अंगुलिमाल? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेला वेगळी जागा दिली आहे आणि त्यात अंगुलिमाल आहे. कोसलचा राजा प्रसेनजित घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला होता. बुद्धाने राजाला विचारले, तो आता हिंसा सोडून भिक्षू झाला असेल तर काय करशील? आणि शेजारी बसलेला अंगुलिमाल दाखवला. राजाने हात आवरला. आजच्या भाषेत बोलायचे तर पोलिसांनी खटल्याऐवजी सुधारणेचा मार्ग निवडला. त्याच सुत्तात पुढे लोक अंगुलिमालाला दगड मारतात. म्हणजे केलेल्या कर्माची आठवण पुसली जात नाही, जबाबदारी सुटत नाही. पण तरी मार्ग मिळतो. खून करणाऱ्याला मार्ग देणारा आपला धम्म, आणि आपण वस्तीतल्या दारुड्याला विहाराच्या पायरीवरून हाकलतो.

दरवाजा आहे, चावी कोणाकडे?

अमली पदार्थांच्या बाबतीत तर कायद्याने दरवाजा उघडाच ठेवला आहे. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात कलम 39 आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याच्या संमतीने, शिक्षेऐवजी उपचाराला पाठवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. 1989 मध्ये कलम 64-अ आले आणि 2001 मध्ये ते आणखी रुंद केले. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतो तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येते.

या दरवाजातून कोण आत गेले? अभिनेता फरदीन खान यांना 2001 मध्ये कोकेनच्या प्रकरणात अटक झाली. त्यांनी केईएम रुग्णालयात उपचार घेतले आणि 2012 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना 64-अ खाली खटल्यातून संरक्षण दिले. मला त्याबद्दल तक्रार नाही. उलट असेच व्हायला हवे. कायदा जसा चालायला हवा तसा तिथे चालला.

माझा प्रश्न बाकीच्यांचा आहे. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या 2017 आणि 2018 या दोन वर्षांच्या एनडीपीएस खटल्यांचा अभ्यास 2020 मध्ये मांडला. खटले दहा हजारांहून जास्त. त्यातले बहुतेक विक्रीचे नव्हे, सेवनाचे. बहुतेक गांजाचे. आरोपी कोण? रोजंदारी मजूर, झोपडपट्टीत आणि रस्त्यावर राहणारे. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, सुटायचे. 64-अ म्हणजे काय हे त्यांना सांगायला वकील नव्हता, आणि सांगण्याची गरज ठाण्यात कोणाला वाटली नाही.

एका कलमाने एकाला केईएम दाखवले आणि हजारोंना कबुलीजबाब. 1949 च्या परवान्याची गोष्ट आणि ही गोष्ट वेगळी आहे का?

दारूचे तर याहून वाईट. आपल्या वस्त्यांना गिळते ती दारू, कोकेन नव्हे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण 2019 मध्ये आले. दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी फक्त एकाला कुठला तरी उपचार मिळतो, असे त्यात नोंदवले आहे. बाकी 37 जण कुठे असतात? घरी, गटारात आणि कोठडीत.

कोठडीतली दुसरी रात्र

ही फक्त न्यायाची गोष्ट नाही, जिवाची आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांतच हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, माणूस बरळतो, ताप चढतो आणि उपचार न मिळाल्यास मरूही शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली योग्य गोळ्या आणि बी-1 जीवनसत्त्व दिले तर हे टळते. ही औषधे महाग नाहीत. पण कोठडीत थरथरणाऱ्या माणसाला नाटक्या म्हणतात आणि बरळणाऱ्याला दंडुका मिळतो.

यासाठीही कायदा आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरतो. त्याचे कलम 100 ठाणेदारावर कर्तव्य टाकते. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा, भटकणारा किंवा स्वतःला-इतरांना धोका असलेला माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घ्यायचे आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. पिऊन पडलेला प्रत्येक जण या कलमात बसत नाही, हे मला कळते. पण भास होऊन रस्त्यावर धावणारा, रोज उठून तिथेच पडणारा बसतो. 129-अ प्रत्येक ठाण्याला पाठ आहे. कलम 100 किती ठाण्यांना माहीत आहे, हे आपल्या तालुक्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून विचारा.

मग बायांनी काय करायचे?

या लेखावर सर्वात खरा आक्षेप बायांचा असेल. दारू पिऊन मारतो तो नवरा. त्याला आजारी म्हणून सोडायचे?

नाही. मारहाण हा गुन्हा आहे आणि दारू ही त्याची सबब नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा बाईसाठी आहे आणि तो पूर्ण वापरला पाहिजे. उपचाराकडे वळवायचे ते पिण्याला, मारण्याला नाही. पण बाईलाच विचारा की तिला काय हवे आहे. त्याने दंड भरून, तिच्याच मजुरीतून, रात्री पुन्हा पिऊन घरी यावे, की त्याची दारू सुटावी?

विदर्भातल्या बायांची चळवळ आपल्याला इथे वाट दाखवते. शेजारच्या गडचिरोलीत 1988 पासून दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. तरी नुसती बंदी पुरत नाही हे अनुभवाने कळले. म्हणून 2016 पासून 'मुक्तिपथ' या कार्यक्रमात सरकार, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय व राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था एकत्र आली. गावाचे संघटन, विक्रेत्यांवर कारवाई आणि व्यसनींसाठी उपचार, हे तिन्ही सोबत. बंदीच्या जिल्ह्यालाही दवाखाना लागतो, हा त्याचा अर्थ. चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. तिथल्या बायांचा लढा खोटा नव्हता. पण बंदी एका सरकारी निर्णयाने येते आणि दुसऱ्या निर्णयाने जाते.

आणि नुसत्या बंदीचे टोक पाहायचे तर बिहार पाहा. 2016 मध्ये कडक कायदा आला. लाखो अटका झाल्या, न्यायालये तुंबली, देशाच्या तेव्हाच्या सरन्यायाधीशांनी 2021 मध्ये जाहीरपणे त्यावर बोट ठेवले. अटक झालेल्यांत दलित-आदिवासींचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्याहून बरेच जास्त असल्याचे एका इंग्रजी दैनिकाने 2018 मध्ये दाखवून दिले. शेवटी 2022 मध्ये पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दंडावर सोडण्याची दुरुस्ती करावी लागली. ज्याच्याकडे दंड नाही तो अजूनही आतच जातो.

बाहेरच्या जगात दुसरा मार्ग चालून पाहिला आहे. पोर्तुगालने 2001 मध्ये स्वतःच्या वापरापुरते अमली पदार्थ बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले आणि अशा माणसाला आरोग्य, समाजकार्य आणि कायदा जाणणाऱ्यांच्या समितीपुढे न्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या सिएटल शहरात 2011 पासून पोलीस अटकेच्या क्षणीच माणसाला कार्यकर्त्याच्या हवाली करतात. तिथेही अडचणी आहेत. पण ठाणेदार हा उपचाराचा पहिला दुवा होऊ शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले आहे.

आपल्या मागण्या

पहिली, 129-अ खाली रक्त घ्यायला नेलेल्या प्रत्येकाची त्याच वेळी व्यसनाची तपासणी व्हावी आणि उपचाराचा कागद त्याच्या हातात मिळावा. रस्ता तोच, गाडी तीच, डॉक्टर तोच.

दुसरी, एनडीपीएसच्या 64-अ सारखे संरक्षण महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यातही आणा. उपचार घेणाऱ्या पिणाऱ्यावर खटला नको.

तिसरी, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दारू सोडवण्याची औषधे आणि समुपदेशक असावा. देवरी-सालेकशाच्या माणसाला नागपूर दाखवू नका.

चौथी, उपचाराच्या नावाखाली दुसरी कोठडी नको. कुलूप लावून, मारून दारू सोडवणाऱ्या खासगी केंद्रांना लगाम घाला. संमती हा उपचाराचा पाया आहे.

पाचवी, कारवाई वर न्या. 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त गरीब मेले. ते विष डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईने आणले नव्हते, रसायनाच्या व्यापारातून आले होते. भट्टीवरची म्हातारी पकडून आकडा वाढवणे सोपे असते. पुरवठादाराला धरा.

एक मागणी आपल्या स्वतःकडेही आहे. आपल्या प्रत्येक विहारात आठवड्यातला एक दिवस सोडू इच्छिणाऱ्यांसाठी ठेवा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 फलकावर लिहा. वस्तीतला कोणी उचलला गेला तर दोन कार्यकर्ते ठाण्यात जा आणि नम्रपणे विचारा, साहेब, याला दवाखान्यात दाखवले का? रक्तासाठी नाही, उपचारासाठी.

1956 मध्ये आपल्या माणसांनी पोलिसांविना दारू सोडली, कारण त्यांना कोणीतरी पहिल्यांदा माणूस म्हणून हाक मारली होती. नागझिऱ्याच्या काठावर पडलेला तो माणूसही त्याच दीक्षाभूमीचा नातू आहे. त्याला उचलायला पोलीस येतात. त्यांच्याआधी आपण पोचायला हवे.

जय भीम!